खोक्यावर काय छापायचं आणि पत्रकावर काय

प्रश्न: आमचं नाशिकला इंदिरानगरात छोटं पिझ्झाचं दुकान आहे. दोन वर्षं बसून खाणारेच जास्त होते, आता घरपोच सेवा जोरात सुरू करायची आहे. मुलाच्या मित्राने बॉक्सचं डिझाइन करून दिलं: पूर्ण लाल खोका, झाकणावर पिझ्झाचा मोठा फोटो, झाकणाच्या आतल्या बाजूलाही ऑफर. बॉक्सवाल्याने नमुना छापून दिला तर लाल रंग विटकरी दिसतोय, फोटो काळपट आलाय आणि नावातली अक्षरं शाईने भरून गेली आहेत. हेच डिझाइन पत्रकावर घेऊन ‘३० मिनिटांत, नाहीतर फुकट’ असं छापायचा विचार आहे. त्यातच जवळच्या गिऱ्हाइकांचीसुद्धा तक्रार येते की घरी पोहोचेपर्यंत पिझ्झा मऊ पडतो. मापं तीन: ७, १० आणि १२ इंच. पैसे मोजकेच आहेत. ते बॉक्सवर घालू की जाहिरातीवर? आणि झाकण चीजला चिकटू नये म्हणून ते तीन पायांचं प्लास्टिकचं स्टूल मिळतं, ते घ्यावं का?

उत्तर:

नमस्कार. तुमच्या डिझायनरचं काम वाईट नसेल, पण ते उलट्या टोकाने सुरू झालंय. आधी पुठ्ठा ठरतो, मग डाय (पुठ्ठा कापायचा साचा), मग छपाईची पद्धत, आणि डिझाइन त्यानंतर. तुमच्याकडे डिझाइन आधी झालं आणि पुठ्ठ्याने ते नाकारलं. बॉक्स आणि पत्रक ही दोन वेगळी कामं आहेत, हेही लक्षात घ्या. बॉक्स हातात येतो तेव्हा गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असतात. पत्रक ज्याच्या हातात पडतं त्याने तुमचं नावही ऐकलेलं नसतं. म्हणून वर्षभर न बदलणारं तेवढं बॉक्सवर, आणि बदलणारं सगळं पत्रकावर, स्टिकरवर आणि मोबाइलवर.

मऊ पडण्याची तक्रार आधी घेऊ, कारण ती छपाईने सुटत नाही. गरम पिझ्झातून वाफ निघतच राहते. बंद खोक्यात ती झाकणाला लागून पाणी होते, पुठ्ठा ओलावतो, झाकण मध्ये झोळ खातं आणि बेसची कड रबरासारखी होते. तुमच्या बॉक्सला वाफ जायला भोकं आहेत का ते बघा. नसतील तर दोन्ही बाजूच्या भिंतींवर वरच्या कडेजवळ साधारण १० मिमीची दोन-दोन भोकं डायमध्ये घालून घ्या. भोकं वाढवली तर पिझ्झा गार होतो, तेव्हा चारपासून सुरुवात करून चाचणी घ्या. पिझ्झा पोहोचवणाऱ्या पोरांच्या पाठीवरची बॅगही तपासा. चेन पूर्ण ओढलेली, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली बॅग भोकांतून निघालेली वाफ तिथेच कोंडून धरते.

बेसखाली बटर पेपर घालत असाल तर तेल अडतं, पण वाफही बेसखालीच अडकते. त्याऐवजी एका बाजूला लाटा असलेला पुठ्ठ्याचा लायनर घ्या आणि लाटांची बाजू वर ठेवा, म्हणजे पिझ्झाखालून थोडी हवा खेळते. तो अन्नाला चालणाऱ्या, तेल न शोषणाऱ्या कागदाचा हवा. वर्तमानपत्राचा कागद खाली घालू नका. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या पॅकेजिंग नियमांनुसार अन्न त्यात गुंडाळायला किंवा त्यावर ठेवायला मनाई आहे.

आता पुठ्ठा. पिझ्झाचे बॉक्स बहुधा तीन प्लाय कोरोगेटेडचे असतात: बाहेर कागद, मध्ये लाटा, आत कागद. लाटांची उंची म्हणजे फ्लूट. ई फ्लूट सुमारे दीड मिमी जाड, बी फ्लूट सुमारे तीन मिमी. ७ आणि १० इंचाला ई फ्लूट पुरतो, छपाईही त्यावर बरी येते. १२ इंचाचं झाकण मोठं असल्याने ते झुकतं. तिथे बी फ्लूट घ्या, नाहीतर ई फ्लूटमध्येच वरचा कागद जाड घ्या. कोटेशन मागताना ‘चांगला पुठ्ठा’ असं म्हणू नका. प्रत्येक थराचं जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि बीएफ (फाटण्याआधी कागद किती दाब सोसतो त्याचा आकडा) लिहून मागा. बाहेरचा आणि आतला कागद १४० ते १५० जीएसएम, मधला १२०च्या आसपास आणि १८ ते २० बीएफ ही १० इंचासाठी बोलणी सुरू करायला ठीक जागा आहे. दोन कोटेशनमध्ये रुपया-दीड रुपयाचा फरक दिसला तर बहुतेक वेळा तो याच आकड्यांत दडलेला असतो.

माप घेताना ‘१० इंची पिझ्झा म्हणजे १० इंची बॉक्स’ असा हिशोब करू नका. हाताने ताणलेला बेस कधीच नेमका गोल येत नाही. गर्दीच्या संध्याकाळी ओव्हनमधून निघणारे आठ-दहा पिझ्झे मोजा, सर्वांत रुंद कोणता ते पाहा आणि प्रत्येक बाजूला ४-५ मिमी मोकळे सोडा. त्याहून सैल ठेवलं तर पहिल्याच गतिरोधकावर पिझ्झा एका कोपऱ्यात जातो. आतली उंची ४० मिमी बऱ्याच पिझ्झांना पुरते. भरपूर टॉपिंग घालत असाल तर ४५ करा, पण उगाच वाढवू नका. बॉक्स उलगडून सपाट पाहिला तर पुढची, मागची आणि बाजूच्या भिंती धरून उंची कितीतरी वेळा येते, त्यामुळे पाच मिमीने कागद बराच वाढतो, आणि कधी कधी ठरलेल्या शीटमध्ये तो मावतच नाही.

डाय बनवायच्या आधी बॉक्सवाल्याकडून न छापलेली डमी मागा. ती हाताने कापून मिळते. तीन डमींत खरे गरम पिझ्झे भरा, एकावर एक रचा, बॅगेत घाला आणि अर्धा तास गाडीवरून फिरवून आणा. मग उघडून बघा: झाकणाला आतून थेंब आहेत का, चीज झाकणाला लागलंय का, तळाला तेलाचा डाग बाहेरून दिसतो का, सर्वांत खालच्या बॉक्सचे कोपरे दबले का. घड्याही बघा. फ्लूटला समांतर असलेली क्रीज (घडीसाठी दाबलेली रेघ) कधी कधी ठरल्या रेषेवर न बसता लाटेच्या खळग्यात सरकते आणि झाकण तिरकं बंद होतं. हे आत्ता कळलं तर डायमध्ये सुधारता येतं. पाच हजार बॉक्स छापून आल्यावर काहीच करता येत नाही.

आता तुमचा विटकरी रंग. तुमचा नमुना बहुतेक तपकिरी क्राफ्ट कागदावर फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक प्लेटच्या ठशाने, छापला असावा. फ्लेक्सोची शाई पातळ आणि पारदर्शक असते, खालचा तपकिरी रंग तिच्यातून दिसतो. त्यामुळे लाल विटकरी होतो, पिवळा जवळजवळ नाहीसा होतो आणि फोटोतलं पांढरं चीज पुठ्ठ्याच्या रंगाचं दिसतं. शिवाय मोठा भरीव रंग लाटांवर दाबून छापला की खालच्या लाटांच्या रेघा वर उमटतात. पावसात ओल्या हाताने धरला तर रंग हाताला येतो, ते वेगळंच.

यातून दोन रस्ते निघतात. पहिला, आणि तुमच्या पैशांत बसणारा: फ्लेक्सोच ठेवा, तपकिरी पुठ्ठा तपकिरीच दिसू द्या आणि एकाच गडद रंगात छापा. काळा, गडद लाल किंवा गडद हिरवा, आणि रंगाने फार तर पाव भाग व्यापलेला. लाल खरोखर लालच हवा असेल तर बाहेरचा कागद पांढरा असलेला पुठ्ठा मागा आणि दोन रंग करा. दुसरा रस्ता: वेगळा कागद किंवा पातळ डुप्लेक्स (एका बाजूने पांढरा पुठ्ठा) ऑफसेटवर, म्हणजे पत्रकं छापतात त्या मशीनवर, चार रंगांत छापून ई फ्लूटवर चिकटवायचा. फोटो सुंदर येतो, थोडी संख्याही छापून मिळते, पण दर चांगलाच वाढतो. आमच्या मते सुरुवातीला तो खर्च करू नका. झाकणावर पिझ्झाचा फोटो कशाला हवा? झाकण उघडल्यावर खरा पिझ्झा समोर असतोच. तोच फोटो पत्रकावर गिऱ्हाईक आणून देईल.

अक्षरं भरून जाण्याची गोष्ट मराठी दुकानांना हमखास छळते. फ्लेक्सोत शाई दाबाखाली कडेने पसरते. रोमन अक्षरांना हे सोसतं, पण आपल्या लिपीत शिरोरेषा, काने, मात्रा, अनुस्वाराचे ठिपके आणि जोडाक्षरांच्या आतल्या बारीक पोकळ्या असतात. ‘पिझ्झा’तलं ‘झ्झ’ बघा, आधी तेच भरतं. बॉक्सवरच्या मराठी मजकुरासाठी मध्यम जाडीचा, मोकळ्या पोकळ्यांचा फाँट घ्या. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फाँट मोफत मिळतात आणि त्यांत वेगवेगळ्या जाडी आहेत. अगदी पातळ आणि अगदी ठसठशीत, दोन्ही टाळा. छोटा मजकूर १२ पॉइंटच्या खाली नको. गडद पट्टीत पांढरी अक्षरं हवी असतील तर १६च्या खाली नको, कारण तिथे शाई आतल्या बाजूला पसरते आणि शिरोरेषा गिळते. बारीक रेघ अर्ध्या मिमीहून बारीक ठेवू नका. दोन रंग असतील तर ते एकमेकांना काटेकोर चिकटून बसतील अशी रचना करू नका. पुठ्ठ्यावर छापताना मिमी-दीड मिमी इकडे-तिकडे होतंच, आणि मग मधून पांढरी फट दिसते.

डिझायनरला आणखी एक सांगा. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर ‘पि’ची वेलांटी ‘प’च्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. फाइल बॉक्सवाल्याला देताना सगळी अक्षरं आउटलाइन करून (अक्षरांची चित्रं करून) पीडीएफ द्या, म्हणजे त्याच्या जुन्या मशीनवर फाँट नसला तरी बिघडत नाही. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. आणि प्लेट बनवायच्या आधी मूळ आकाराची कागदी प्रिंट काढून घरातल्या सर्वांत चिकित्सक माणसाकडून वाचून घ्या. ऱ्हस्व-दीर्घाची चूक पाच हजार घरांत जाते.

बॉक्सवर मग छापायचं काय? झाकणावर दुकानाचं नाव मोठं. पुढच्या भिंतीवर नाव आणि फोन, कारण बॉक्स एकावर एक रचले की तेवढीच बाजू दिसते. एका बाजूच्या भिंतीवर तुमच्या ठरलेल्या सात-आठ प्रकारांची नावं आणि शेजारी रिकामे चौकोन. किचनमध्ये पेनाने खूण करायची, की पोराला बॉक्स उघडून बघावा लागत नाही. दुसऱ्या बाजूला उरलेला पिझ्झा गरम कसा करायचा ते: जाड तव्यावर, मंद आचेवर, झाकण ठेवून तीन-चार मिनिटं. ही ओळ लोक खरंच वाचतात. तेलकट तळ वेगळा फाडून कोरडं झाकण रद्दीत द्या, असंही तिथेच सांगता येईल.

क्यूआर कोड घालणार असाल तर निदान अडीच सेंटिमीटरचा, घडीपासून लांब, चारही बाजूंना मोकळी जागा सोडून, गडद शाईत. त्यात यूपीआयचा कोड किंवा मेन्यूची पीडीएफ थेट घालू नका. खातं किंवा मेन्यू बदलला की सगळे बॉक्स वाया. मागची लिंक नंतर बदलता येईल असा कोड बनवा.

शाकाहारी-मांसाहारी खुणेबाबत सावध राहा. शाकाहाराची खूण हिरव्या चौकोनात हिरवं वर्तुळ, मांसाहाराची आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण. दोन्ही पिझ्झे एकाच बॉक्समधून जाणार असतील तर बॉक्सवर कुठलीच खूण छापू नका. दोन रंगांचे स्टिकर ठेवा आणि ते झाकण व पुढची भिंत जोडत लावा, म्हणजे तेच सीलचंही काम करतील. वाटेत कुणी बॉक्स उघडला तर स्टिकर फाटलेला दिसतो. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक बिलावर हवाच, १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे.

झाकणाच्या आतली ऑफर काढून टाका. छापील बाजू अन्नाला लागता कामा नये असं पॅकेजिंगचे नियम सांगतात, आणि झोळ खाल्लेलं झाकण चीजला लागतंच. ऑफर द्यायची असेल तर वेगळं कार्ड बिलासोबत बॉक्सच्या वर लावा. बाहेरच्या छपाईलाही अन्नाच्या पॅकेजिंगची शाई हवी, आयएस १५४९५ या मानकाची. बिलावर तसं लिहून मागा. माल आला की एक साधी चाचणी करा: दोन-तीन बॉक्स घडी घालून रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. शाईचा किंवा रॉकेलसारखा वास आला तर तो पिझ्झालाही लागणार. ओली शाई असलेले बॉक्स घाईने रचले तर एकाची बाहेरची छपाई दुसऱ्याच्या आतल्या बाजूला पुसट उमटते, तेही बघा.

तिन्ही मापांना छपाई करू नका. सर्वांत जास्त विकलं जाणारं एक माप, बहुधा १० इंच, छापून घ्या. बाकी दोन सध्या कोरे घेऊन वर गोल स्टिकर लावा. श्रावण, गणपती, आयपीएल, ३१ डिसेंबर, सगळ्यांना तेच धोरण: बॉक्स तोच, फक्त कागदी पट्टी किंवा स्टिकर नवा. ऑर्डरमध्ये लिहून घ्या की डाय आणि प्लेटचे पैसे तुम्ही दिलेत म्हणून त्या तुमच्या मालकीच्या, आणि ठरल्या संख्येपेक्षा दहा टक्के कमी-जास्त माल आला तर पैसे आलेल्या मालाचे. हा चढउतार या धंद्यात नेहमीचा आहे, पण बोलून ठेवलेला बरा. पावसाळ्यात बॉक्स फरशीवर ठेवू नका, फळीवर आणि प्लास्टिकने झाकून ठेवा. ओल शोषलेला पुठ्ठा पिझ्झा आत जायच्या आधीच निम्मा खचलेला असतो.

पत्रकाकडे वळू. ए५ आकार, दोन्ही बाजू चार रंगांत, १०० ते १३० जीएसएम आर्ट पेपर. त्याहून जाड पत्रक वर्तमानपत्रात नीट बसत नाही, पातळ असलं तर मागची छपाई दिसते. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची छपाई), फोटो छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). पुढच्या बाजूला एकच फोटो, एकच ऑफर, फोन, वेळ आणि तुम्ही कुठवर पोहोचवता ते. मेन्यू मागे. फोटो तुमच्याच पिझ्झाचा हवा. विकत घेतलेल्या चित्रात ऑलिव्ह डझनभर आणि घरी आलेल्या पिझ्झावर चार, असं झालं की दुसरी ऑर्डर येत नाही. खिडकीजवळ, उजेड बाजूने किंवा किंचित मागून, ओव्हनमधून काढल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत फोटो काढा. त्यानंतर चीजची चकाकी जाते.

‘३० मिनिटांत, नाहीतर फुकट’ छापू नका. ही हमी ज्यांच्यामुळे जगभर गाजली त्या डॉमिनोजने अमेरिकेत १९९३ मध्ये ती बंद केली. घाईत गाडी चालवणाऱ्या मुलांच्या अपघातांवरून खटले झाले आणि भरपाईचे आकडे कोटींत गेले. तुमची पोरं द्वारका चौकातल्या गर्दीतून आणि पावसातल्या खड्ड्यांतून जाणार आहेत. वेळेऐवजी अवस्थेची हमी द्या: ‘गार किंवा विस्कटलेला आला तर दुसरा बनवून देऊ.’ त्यासाठी गिऱ्हाइकाने काय करायचं (फोटो पाठवायचा, किती वेळात) तेही तिथेच छापा.

ऑफरचे शब्दही जपून वापरा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एखादी वस्तू ‘मोफत’ म्हटली तर तिच्यावर पॅकिंगचे पैसे लावता येत नाहीत. दावा मराठीत असेल तर त्याची अटही मराठीत आणि त्याच फाँटमध्ये हवी, म्हणजे मराठी ऑफरखाली बारीक इंग्रजीत अटी छापणं बसत नाही. तसंच ‘१०० टक्के चीज’ किंवा ‘शुद्ध मोझरेला’ लिहायच्या आधी किचनमधल्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. वनस्पती तेल दिसलं तर ते चीज ॲनालॉग आहे, त्याला चीज म्हणता येत नाही.

एकदम दहा हजार पत्रकं छापून शहरभर टाकू नका. दुकानापासून चारेक किलोमीटर ही तुमची हद्द धरा. पाथर्डी फाटा येईल, नाशिकरोड सध्या सोडा. पहिल्या खेपेला एका ऑफरची हजार आणि दुसऱ्या ऑफरची हजार, कोपऱ्यात वेगवेगळा छोटा कोड, आणि दोन्ही एकाच भागात विभागून. पेपरवाल्याशी शुक्रवार किंवा शनिवार सकाळचं ठरवा, आणि त्या दिवशी आणखी किती पत्रकं त्याच पेपरात आहेत ते विचारून घ्या. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याने प्रत्येकाला कोड विचारून वहीत लिहायचा. उदाहरणादाखल: छपाई आणि पेपरवाल्याची घालणावळ मिळून ५,००० रुपये लागले आणि नवी २५ घरं आली, तर एक घर २०० रुपयांना पडलं. एका पिझ्झामागे सुटणाऱ्या पैशांत ते किती ऑर्डरींनी भरून निघतं ते बघा आणि मगच पुढची खेप छापा. रस्त्यावर फ्लेक्स लावायचा मोह झाला तर महापालिकेची परवानगी लागते, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

पैसे कुठे घालायचे, तर आधी पुठ्ठा, भोकं आणि लायनर. उरतील त्यातून पत्रकं, आणि बॉक्सची छपाई एका रंगातच.

राहिलं ते तीन पायांचं स्टूल. न्यूयॉर्कच्या कार्मेला व्हिटाले यांना त्याचं पेटंट १९८५ मध्ये मिळालं, आणि उपाय अजूनही चोख आहे: झाकण खाली आलं तरी चीजपासून दूर राहतं. पण प्रत्येक ऑर्डरमागे एक प्लास्टिकचा तुकडा आणि त्याचा खर्च वाढतो. ७ आणि १० इंचाला ते लागू नये. १२ इंचाची डमी बी फ्लूटमध्ये करून बघा, आणि अर्ध्या तासाच्या फेरीनंतरही झाकण चीजला टेकत असेल तरच फक्त त्या मापासाठी एक पाकीट आणा.